मापाची रायफल

मार्चमधल्या एका रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा मोठी रायफल चालवली आणि तिसऱ्याच गोळीला स्कोपची, म्हणजे वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीची, कडा उजव्या भुवईवर आदळून रक्त आलं. रायफल आमच्या शेजाऱ्यांची होती. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ, घरात आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. ते सहा फूट दोन इंच, मी पाच फूट एक इंच. .३०० विन्चेस्टर मॅग्नम या दणकट काडतुसाची ती रायफल त्यांच्या हातांना बेतलेली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, लांब पडत होता म्हणून मी मान पुढे ताणली, गाल पुढे सरकवला आणि डोळा स्कोपच्या फारच जवळ गेला. दस्ताही खांद्याच्या खळग्यात नीट बसला नव्हता, दंडावर टेकला होता. तोवर दोन महिने मी एकच गोष्ट वाचत होते, एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीसाठी कॅलिबर (गोळीचं माप) कोणतं घ्यावं. रायफल माझ्या मापाची आहे का, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला.

मी मूळची कोल्हापूरची, आता कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहते. रविवारी मटण आणायला बाबांबरोबर जाणं, मांडीचं की चापाचं यावर त्यांचं खाटकाशी बोलणं, हे माझ्या लहानपणात इतकं मुरलेलं आहे की मांस कुठून येतं हे मला कधी लपवून ठेवावंसं वाटलं नाही. आजोळ राधानगरीकडचं. तिथलं जंगल एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं, १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, आपल्याकडे उरलेलं रान फार थोडं आहे. कोलोरॅडोची गोष्ट वेगळी. इथेही शंभर वर्षांपूर्वी एल्क जवळजवळ संपले होते. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनच्या भागातून एल्क आणून एस्टेस पार्कला सोडावे लागले. आज राज्यात अडीच लाखांहून जास्त आहेत, आणि कुठल्या भागात किती मारायचे हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं. परवान्यांचा पैसा त्याच कामाला जातो. रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के केंद्रीय करही १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांसाठीच राज्यांना वाटला जातो.

काकांनी एका हिवाळ्यात एल्कचं मांस दिलं होतं. ते शिजवताना वाटलं, वर्षभराचं मांस असं आणता आलं तर त्याची सगळी जबाबदारी आपल्या हाताने घ्यावी. आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, पण हालहाल होऊन मरायला नको गं ते." पुढच्या सगळ्या खरेदीत हे वाक्य माझ्या डोक्यात होतं.

माझ्यासारखे एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेले अनेक जण इकडे आहेत, म्हणून कायद्याचं जरा सविस्तर लिहिते. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला एक अपवाद असा, की अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना तुमच्याकडे हवा. म्हणून क्रम चुकवू नका. आधी शिकार शिक्षणाचा कोर्स, मग परवाना, मग रायफल. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही कोलोरॅडोत हा कोर्स सक्तीचा आहे. आमच्याकडून पहिल्याच दिवशी चार नियम घोकून घेतले: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवा, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. कोर्स झाल्यावर मी लहान प्राण्यांच्या शिकारीचा वार्षिक परवाना काढला. तो १ मार्चला सुरू होतो. माझ्या वकीलबाईंनी बजावलं होतं की परवाना हातात येईपर्यंत काकांची रायफल नेमबाजीच्या रेंजवरही उचलायची नाही, म्हणून तोपर्यंत मी नुसती बघत बसायचे. याच परवान्यावर एल्कच्या टॅगसाठी, म्हणजे एक एल्क मारायच्या परवानगीसाठी, होणाऱ्या सोडतीचा अर्जही भरता येतो, तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरला.

अर्ज मादीचा केला होता. इथे एल्कच्या मादीला 'काऊ' म्हणतात. आईशी बोलताना मी मुद्दाम 'मादी' म्हणत होते. एल्क हा हरीणकुळातला, आपल्या सांबराचा थोरला नातलग. नर तीनशे किलोंच्या वर जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. उन्हाळ्याच्या तोंडावर निकाल लागला आणि फ्लॅट टॉप्सच्या डोंगराळ भागातला, रायफलच्या दुसऱ्या हंगामाचा टॅग मिळाला.

भुवई बरी झाली, पण भीती गेली नाही. काकांनी त्यांची छोटी .२२ रायफल माझ्या हातात दिली. मधूनच मला न सांगता ते त्यात नकली काडतूस घालत. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि नळीचं टोक मात्र खाली झुकलं! धक्का बसायच्या आधीच माझं अंग आखडत होतं. नेम कितीही चांगला धरला तरी अशी गोळी जनावराच्या पोटात जाते, आणि पोटात गोळी लागलेलं जनावर तासन्‌तास मरत राहतं. ही खोड मोडायला मला सहा आठवडे लागले. रोज रात्री काडतुसं दुसऱ्या खोलीत, रायफल दोनदा तपासून रिकामी, तळघराच्या भिंतीवर एक ठिपका, आणि वीस वेळा हलक्या बोटाने चाप. नवीन माणसाला मोठं कॅलिबर हातात देणारे 'होईल सवय' म्हणतात. मला ते पटत नाही. सवय लागते ती डोळे मिटायची.

त्यानंतर कॅलिबरचा प्रश्न सोपा झाला. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ६ मिमी व्यासाची आणि ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) वजनाची गोळी लागते. .३०-०६ हे १९०६ सालचं काडतूस, एल्कसाठी आजही कुणी नावं ठेवत नाही, पण हलक्या रायफलीत त्याचा धक्का मला जास्त वाटला. ६.५ क्रीडमूर हे काडतूस फार सौम्य, रेंजवर मजा येते. एल्कला ते पुरेसं आहे की नाही यावर इथे दोन तट आहेत आणि पहिल्याच शिकारीला मला त्या वादात पडायचं नव्हतं. मी घेतलं ७ मिमी-०८. हे .३०८ या काडतुसाचंच रूप, तोंड ७ मिमीपर्यंत आवळलेलं, १९८० मध्ये बाजारात आलेलं. धक्का .३०० मॅग्नमच्या साधारण निम्मा, आणि माझ्या पल्ल्यात ताकद भरपूर.

रायफलीची निवड शेवटी एका मापावर झाली, चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. बहुतेक रायफलींत ते साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. दुकानात जाताना मी हिवाळी जाकीट घालून गेले, जून महिन्यात, कारण शिकारीच्या दिवशी अंगावर तेच असणार. डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, डोळे उघडायचे. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप जमलं. कडेला काळी सावली आली की ती रायफल परत. सात रायफली परत केल्या. आठवी वेदरबी कंपनीची व्हॅनगार्ड कॅमिला, बायकांच्या बांध्याला धरून केलेली, दस्ता १३ इंचांचा. डोळे उघडले तर समोर स्वच्छ गोल! वजन तीन किलोंच्या आसपास. काउंटरवर बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरला, त्यात व्हिसाचा प्रश्न असतो. 'हो' लिहून अपवादाच्या पुराव्यासाठी परवान्याची प्रत आणि आय-९४ चा, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा, क्रमांक दिला. राज्याची तपासणी झाली, आणि २०२३ पासून कोलोरॅडोत असलेला तीन दिवसांचा थांबा संपल्यावर रायफल घरी आली. घरात दोन मुलं आहेत, त्यामुळे तिच्याआधी कपाटाएवढी लोखंडी तिजोरी आली होती.

स्कोप साधा घेतला, ३ ते ९ पट. दुकानदार २० पटीचा दाखवत होता. घनदाट झाडीत, पहाटेच्या अंधुक उजेडात, पन्नास यार्डांवर जनावर उभं राहिलं तर मला ३ पटच लागणार होते. गोळी तांब्याची, १२० ग्रेनची. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण मांसात पसरतात, आणि हे मांस माझी मुलं खाणार होती. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली आहे. कोलोरॅडोत सक्ती नाही, हा निर्णय माझा. १०० यार्डांवर दीड इंच वर लागेल असं जुळवलं, म्हणजे २०० यार्डांपर्यंत वेगळा हिशेब लागत नाही.

मग सगळा उन्हाळा पॉनी ग्रासलँड या गवताळ रानातल्या रेंजवर. लक्ष्य म्हणून कागदी थाळी, कारण एल्कच्या हृदय-फुप्फुसाची जागा त्याहून थोडी मोठीच असते. पाचपैकी पाच थाळीत, तरच ते अंतर माझं. झोपून २०० यार्ड. बसून, चालायच्या काठ्या एकमेकींत अडकवून त्यावर रायफल टेकवून, १५०. उभ्याने मात्र कधी पाच लागल्या नाहीत, तेव्हा उभ्याने गोळी झाडायचीच नाही असं वहीत लिहून ठेवलं.

बाकी सामानात बूट आणि पाठपिशवी या दोनच गोष्टींना मी जीव लावून पैसे घातले. रायफलीला ९०० डॉलर पडले, बुटांना ३५०, आणि त्या ३५० चं मला जराही वाईट वाटलं नाही. जुलैतच घेतले, घोटा धरणारे, आणि हॉर्सटूथच्या डोंगरावर आठवड्यातून दोनदा घालून चढले. पाठपिशवी फ्रेमची हवी, मांस फ्रेमला लागून बसावं अशी सोय असलेली, आणि पाठीच्या लांबीप्रमाणे जुळणारी. दस्त्याचा धडा इथेही कामी आला. सरावाला बासमतीची २० पौंडांची पोती, आधी एक, मग दोन. वजन कमरेवर यायला हवं. खांदे दुखायला लागले की पट्टा चुकीचा बांधला आहे असं समजायचं.

कपड्यांत सुती काही नको, घामाने भिजलं की वाळत नाही आणि संध्याकाळी थंडी हाडात शिरते. अंगाला मेरिनो लोकर, वर फुगीर जाकीट, त्यावर भगव्या झळाळत्या रंगाचं जाकीट आणि तशीच टोपी. कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच हा रंग दिसला पाहिजे असा नियम आहे. एल्कला तो आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. १० पटीची दुर्बीण छातीवरच्या पिशवीत, उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, दोन डोक्याचे दिवे, दोन सुऱ्या, मांसाच्या हवेशीर पिशव्या, आणि वारा बघायला पावडरची छोटी बाटली. खायला थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ.

ऑक्टोबरच्या अखेरीस दहा हजार फुटांवर तंबू ठोकला. नवरा आणि काका बरोबर होते. पहिल्या दिवशी वारा आमच्या पाठीवर फिरला आणि पंचवीसेक एल्कचा कळप आम्ही दिसायच्या आधीच डोंगराआड गेला. दुसऱ्या संध्याकाळी अस्पेनच्या झाडांच्या कडेला चार माद्या चरत बाहेर आल्या. काका हळूच म्हणाले, "घाई नको. पिल्लू जवळ नसलेली बघ." मी बसले, काठ्या अडकवल्या. १४० यार्ड. ती आडवी उभी राहीपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. धक्का बसल्याचं आठवत नाही, आवाजही आठवत नाही. ती चाळीस पावलं गेली आणि पडली. जवळ जाऊन मी तिच्या मानेवर हात ठेवला. ऊब होती. मी रडले, आणि काका टोपी काढून बाजूला उभे राहिले.

मग टॅग फाडून सही-तारीख घातली आणि सुऱ्या काढल्या. पोट न फाडता पाय, पाठीच्या पट्ट्या आणि मान वेगळी करायची पद्धत काकांनी शिकवली. मादी असल्याची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते, ती ठेवली. दिव्याच्या उजेडात साडेतीन तास लागले. मी १८ किलो, नवऱ्याने २४, अशा दोन खेपा, तंबूपर्यंत अडीच किलोमीटर. डोकं वन्यजीव खात्याकडे दिलं. इथे हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग आढळतो, आणि रोगी जनावराचं मांस खाऊ नये असं खातं सांगतं. निकाल स्वच्छ येईपर्यंत फ्रीझरला हात लावला नाही.

पहिला तांबडा रस्सा केला तेव्हा लक्षात आलं की या मांसाला चरबीच नाही. तेल थोडं जास्त, सुकं खोबरं नेहमीच्या दीडपट, आणि आच मंद, दोन तास. आईने व्हिडिओवर भांड्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "लगेच गेली का गं?" मी म्हटलं, "चाळीस पावलं, आई."

रायफल पुसून, तेल देऊन तिजोरीत आहे. परवाना ३१ मार्चला संपतो, आणि तो संपला तर ती घरात असणंही माझ्यासाठी गुन्हा. नवीन १ मार्चला मिळतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेला लाल गोल केला आहे, आणि खाली एप्रिलच्या पानावर सोडतीच्या अर्जाला दुसरा.