कोंबड्यांच्या गाडीची तक्रार: माझा अनुभव

नवापूरकडून धुळ्याकडे येणारी कोंबड्यांची गाडी मे महिन्यात भर दुपारी ढाब्यावर उन्हात उभी दिसली, की मी आधी घड्याळ बघतो. ड्रायव्हरशी वाद घालत नाही. फोटो, 112 वर फोन आणि वजनकाट्याची पावती हा क्रम धरला, तरच पुढे प्रकरण टिकतं.

फोटोत गाडीचा नंबर आणि जाळ्या एकत्र आल्या पाहिजेत. त्यानंतर मध्ये न थांबता दोन मिनिटांचा व्हिडिओ. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. चोच उघडी, मान ताणलेली, पंख अंगापासून सुटलेले, ही उष्माघाताची खूण. खालच्या थरात बघा: वरच्या क्रेटमधली विष्ठा पाठीवर पडून पिसं चिकटलेली असतात, एखादीचा पाय जाळीच्या भोकात अडकून सुजलेला असतो. हे जवळून टिपा. लांबून घेतलेल्या फोटोत नुसता पांढरा ढीग दिसतो.

प्राणी वाहतूक नियम 1978 चे आहेत आणि त्यात 2001 साली कोंबड्यांसाठी स्पष्ट तरतुदी आल्या. निघण्यापूर्वी पशुवैद्यकाचा दाखला हवा. क्रेटमध्येच दाणापाण्याची भांडी हवीत. उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यायचं आणि रस्त्याने नेताना एका क्रेटवर दुसरा क्रेट ठेवायचा नाही. शेवटची अट मी रस्त्यावर क्वचितच पाळलेली पाहिली आहे. ‘सहा तास झालेच नाहीत’ हा बचाव हमखास येतो, म्हणून काट्याची पावती आणि चलन, म्हणजे मालासोबतचा कागद, यांचा फोटो आधी घ्यायचा; माल कधी भरला ते त्यावरून कळतं. ड्रायव्हर बहुधा एवढंच म्हणतो, “गाडी मालकनी शे भाऊ, माले काय माहीत.” ते बऱ्याचदा खरंही असतं. चलनावर माल पाठवणारा आणि घेणारा, दोघांची नावं असतात. ती तक्रारीत घातली नाहीत तर सगळं त्या गरीब माणसावर शेकतं आणि व्यापारी मोकळा राहतो.

ठाण्यात पहिला अडथळा एन.सी.चा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा; तशा गुन्ह्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11(1)(ड) मध्ये, म्हणजे यातना होतील अशा वाहतुकीत, गुन्हा अदखलपात्र आहे आणि पहिल्या वेळी दंड फक्त 10 ते 50 रुपये. नुसतं कलम 11 लिहून बाहेर पडलात तर पन्नास रुपयांत विषय मिटतो. म्हणून वाहतूक नियमांचा भंग वेगळा लिहायचा आणि त्यासमोर याच कायद्याचं कलम 38(3) घालायचं. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम 325 दखलपात्र आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षाही आहे, पण त्याला नुकसान करण्याचा हेतू किंवा नुकसान होईल याची जाणीव दाखवावी लागते. ‘कोंबड्या माझ्याच होत्या’ म्हणणाऱ्या मालकापुढे ते कलम अडखळतं. मी त्यावर भिस्त ठेवत नाही.

गुन्हा अदखलपात्र म्हणून पोलिसांचे हात बांधलेले नसतात. 1960 च्याच कायद्याच्या कलम 34 प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाचा कुठलाही पोलीस, म्हणजे हवालदारसुद्धा, प्राणी ताब्यात घेऊन जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा नेमून दिलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला नेऊ शकतो. या कलमाची छापील प्रत सोबत ठेवा.

खरं प्रकरण उभं राहतं किंवा पडतं ते डॉक्टरांच्या कागदावर. ‘पक्ष्यांची स्थिती समाधानकारक’ एवढी एक ओळ आली की संपलं. मी नम्रपणे सांगून आकडे मागतो: क्रेट किती, एका क्रेटमध्ये पक्षी किती, टेपने मोजलेली लांबी-रुंदी-उंची, मेलेले किती, धापा टाकणारे किती, पाण्याचं भांडं आहे की नाही, तपासणीची वेळ आणि तिथलं तापमान. शवविच्छेदन त्याच दिवशी व्हायला हवं. आपल्याकडच्या उन्हात चार तासांत मढं फुगतं आणि मृत्यूचं कारण सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पुढे होतो. हजार-दीड हजार पक्षी ठेवायचे कुठे? आधी सावली, पाणी आणि रिकामी शेड ठरवून ठेवली नसेल, तर संध्याकाळपर्यंत माल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायला दिल्याच्या कागदावर, त्याच मालकाकडे परत जातो. 2017 च्या मुद्देमाल-प्राणी (जप्त केलेले प्राणी) नियमांनुसार सांभाळण्याचा खर्च गाडीमालक, माल पाठवणारा आणि घेणारा यांच्याकडून वसूल होतो. त्या वसुलीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

फार्मवरच्या पिंजऱ्यांची तक्रार मात्र वेगळी करा. 2023 च्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या नियमांत प्रत्येक पक्ष्याला किमान 550 चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. आपल्याकडचा 15 बाय 12 इंची पिंजरा साधारण 1,160 चौरस सेंटिमीटरचा. त्यात तीन कोंबड्या म्हणजे प्रत्येकीला 387, कागदाच्या ए-फोर पानाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. पण जुन्या शेडना बदलायला मुदत आहे, म्हणून शेड कधी उभी राहिली ते आधी तपासा. उपाशी ठेवून मोल्टिंग करणाऱ्या, म्हणजे कोंबड्यांना पिसं गाळायला लावणाऱ्या, फार्मवर मात्र 1960 च्या कायद्याचं कलम 11(1)(ह), अन्नपाणी न देण्याचं, आजही लागतं.

पोलिसांनी एन.सी. करून हात झटकले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174(2) खाली तपासाचा आदेश मागायला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा, नाहीतर सरळ खासगी फिर्याद द्या. एक तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा: प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम 36 प्रमाणे घटनेपासून तीन महिने उलटले की खटला दाखलच होत नाही. ठाण्यातून ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकून मी दोन महिने थांबत नाही. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, की ठाण्याचा आवक शिक्का असलेली तक्रारीची प्रत घेऊन कोर्टात जातो.