कानातला बिल्ला

परवा पासबुक भरून आणलं आणि अण्णा चष्मा लावून बसले, म्हणले यातलं दुधाचं अनुदान कुठलं ते दाव. आता त्यात पीकविमा बी, सन्मान निधी बी, सगळं एकाखाली एक, अर्धा तास तेच शोधत बसलो.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातले. दोन जर्सी गायी दुधावर, एक आटलेली आणि एक म्हैस. गायीचं दूध डेअरीला, दोन्ही टायमाचं मिळून सतरा-अठरा लिटर. म्हशीचं जातं खव्याच्या भट्टीवर, आमच्याकडं पहिल्यापासून तसंच आहे.

2024 च्या जानेवारीत सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागं 5 रुपये जाहीर केले, तवा आमच्या पारावर लई हिशोब झाले. अठरा लिटरचे दिवसाला नव्वद, म्हणजे महिन्याला 2700, सरकी पेंडीचं एक पोतं तरी सुटलं असं धरून चाललो. पण मेख अशी होती की पैसे डेअरी देणार नव्हती, सरकार थेट खात्यावर टाकणार होतं आणि त्याच्यासाठी गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला पाहिजे, तो ऑनलाईन नोंदलेला पाहिजे, आधार लिंक पाहिजे, वर डेअरीनं तुमची माहिती भरली पाहिजे होती. यातलं एक जरी हुकलं की गेलं.

आमचं बिल्ल्यात हुकलं. थोरली गाय अण्णांनी बाजारातून आणलेली, कानात पिवळा बिल्ला होता म्हणून आम्ही निवांत. नंतर कळलं की ऑनलाईन ती अजून आधीच्या मालकाच्याच दावणीला आहे! गाय आमची वैरण खाती, शेण आम्ही काढतो, आणि कागदावर ती दुसऱ्याची. गुरांच्या डॉक्टरकडं चार चकरा मारल्या, आधीच्या मालकाला फोन लावून लावून दमलो, तो म्हणतो ओटीपी आलाच नाही. नाव बदलेस्तोवर तेवढे दिवस गेले ते गेलेच.

पुढं जुलैपासून परत सुरू झालं, डेअरीनं 30 द्यायचे आन सरकारनं 5. ऑक्टोबरपासून 28 आणि 7. पेपरात मथळा काय, तर अनुदान वाढलं. अहो पण बेरीज करा की, आधी बी 35 आणि नंतर बी 35. दोन रुपये डेअरीचे वाचले, ते सरकारनं भरले, आमच्या हातात काय वाढलं? उलट डेअरीचा पगार दहा दिवसाला हमखास येतो आणि अनुदान कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं, म्हणजे नगदीतले दोन रुपये उधारीत गेले. त्यात ते 35 बी 3.5 फॅट (स्निग्धांश) आणि 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग), उन्हाळ्यात हिरवा चारा नसला की तेवढी डिग्री, म्हणजे दुधाची प्रत, कुठली लागती.

आणि म्हशीला तर यात काहीच नव्हतं. भूम-वाशीकडं कितीतरी घरं खव्यावर चालतेत, किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध आटवायचं, सरपण वेगळं, ते दूध डेअरीच्या काट्यावर जातच नाही मग अनुदानाच्या हिशोबात कुठून येणार. आमच्या शेजारची चुलती इचारती, माझ्या म्हशीच्या बी कानात बिल्ला हाय की रं, मग? मी काय सांगू तिला.

पासबुकात शेवटी दोन नोंदी सापडल्या, दोन्ही धाकट्या गायीच्या. अण्णांनी पेननं गोल केलेत. आता नवी गाय घ्यायचं चाललंय, आधी बाजारात गेले की पहिल्यांदा कास बघायचे, परवा मात्र माझा मोबाईल मागून कानाचा फोटो काढून आणला आणि म्हणले, ही कुणाच्या नावावर आहे बघ बरं.