मुंढ्यात अडकलेला रविवार

आज जळगावचं फुले मार्केट पालथं घातलं. मे महिन्यात दुपारचं घराबाहेर पडायचं नाही हा आपला नियम, पण चोपडा गावातलं लग्न तोंडावर आलंय आणि मला साडी नको, ड्रेसच हवाय. आत्या फोनवर म्हणते, "कसाले इतली फिरस वं माय, साड्या पडेल शेतस ना घरमा!" पडल्यात ना, पण या उन्हात साडी नेसून पंगतीत वरणबट्टी वाढणाऱ्या बायकांना माझा लांबूनच नमस्कार.

दुकानात शिरलं की पोरगा वरपासून खालपर्यंत एकदा बघतो आणि काही न विचारता मागच्या फळीवरचा मोठ्या मापाचा गठ्ठा ओढतो. त्यात काळा, नेव्ही, मरून, परत काळा. रंगीत असलंच काही तर त्यावर एवढाली फुलं की सोफ्याला कव्हर शिवावं. मी आंबा कलर मागितला तर म्हणे ताई मोठ्या साइजमध्ये सुरतहून येतच नाही तो. जाड बाईला पिवळा आवडत नाही हे सुरतेत कोणी ठरवलं काय माहीत.

बरं, थ्री एक्सेल घातला, लेबलवर 46. छातीत बसला, पण खांदा इतका उतरला की शिवण दंडावर आली, गळा खाली गेला, आणि बाही मात्र दंडाला अशी आवळली की काढताना दुकानातल्या पोरीला आत बोलवावं लागलं. हे प्रत्येक दुकानात होतं आणि त्याचं कारण एकच, मिडियमचा नमुना घ्यायचा आणि सगळीकडून सारखा वाढवत न्यायचा. अरे पण माणूस जाड झालं म्हणून खांद्याचं हाड थोडीच रुंद होतं! वाढतं ते छाती, दंड, पोट, सीट. यांचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल काप, मात्र नुसता खाली लोंबतो, आणि मुंढा खाली गेला की हात वर केल्याबरोबर अख्खा ड्रेस वर येतो. बसमध्ये दांडा धरून उभं राहून बघा म्हणजे कळेल.

त्या 46 चं पण काही खरं नाही. कोणी अंगाचं माप लिहितं, कोणी कपड्याचं. अंग 46 आणि कपडा पण 46 म्हणजे जेवायचंच नाही का, कॉटनला दोन-तीन इंच तरी ढिलाई लागते. म्हणून मी टेप पर्समध्येच ठेवते, ड्रेस काउंटरवर सपाट पसरायचा, काखेपासून काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. पोरगा तोंडाकडे बघतो, बघू दे. आणि ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून उपयोग नाही, चक्क मांडी घालून बसायचं. उभ्याने छान दिसणारा ड्रेस बसल्यावर पोटावर गोळा होतो आणि स्लिट कुठल्या कुठे जाते, लग्नात बसायचंच तर असतं.

भाची फॅशन डिझाइन शिकते, ती सांगत होती की आपल्या कंपन्या बऱ्याचदा ब्रिटन-अमेरिकेचेच मापतक्ते थोडे इकडेतिकडे करून वापरत आल्यात. म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाइज नावाचा सर्व्हे हातात घेतला, 25,000 च्या वर लोकांची थ्री-डी स्कॅनरने मापं, सहा शहरांत, मुंबई-दिल्लीपासून पार शिलाँगपर्यंत. शिलाँग आहे, भुसावळ नाही. असो, कुठून का होईना तक्ता येऊ दे.

शेवटी कापडच घेतलं. आंबा कलर, सुती, बारीक बुट्टी. दुकानदार अडीच मीटर फाडायला निघाला होता, मी म्हटलं थांबा. 44 इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, माझ्या मापाला अडीच मीटर घेतलं की बाही हमखास तोकडी निघते, तीन लागतातच. आणि कॉटन आहे म्हणजे शिवायला द्यायच्या आधी पाण्यातून काढायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी ढिलाई गायब.

संध्याकाळी टेलर मावशींकडे. त्यांनी पहिलं माप घेतलं ते दंडघेराचं, छातीचं नंतर, तिथेच मला बरं वाटलं. छातीला आकार द्यायला टक्स, खांदा माझ्याच खांद्याएवढा, मुंढा काखेजवळ पण बाही रुंद, शिवणीत आतून दीड इंच दाब सोडून, म्हणजे पुढेमागे उसवता येईल. मी म्हटलं खिसा पण लावा उजव्या शिवणीत. म्हणाल्या, "लावते, पण मोबाईल नको ठेवू बाई त्यात, एका बाजूला ओढला जातो ड्रेस." मी हो म्हटलं. ठेवणार तर आहेच.