यादीतली सही

नोव्हेंबर संपला की बँकांकडून हयातीच्या याद्या कोषागारात, म्हणजे सरकारी ट्रेझरीत, परत येतात. पेन्शनरचं नाव आणि पुढच्या रकान्यात त्याची सही. सही असली की पेन्शन चालू, नसली की बंद. साताऱ्यात कोषागारात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी निवृत्तीवेतनाच्या टेबलावर. त्या याद्या नजरेखालून घालणं हे माझं डिसेंबरातलं काम.

२०२२ च्या डिसेंबरात कोरेगावच्या यादीत अण्णांचं नाव आलं. ते दरवर्षीच यायचं. माझे वडील १९९३ साली तलाठी म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासूनची त्यांची ती ठसठशीत, खाली दोन टिंबं दिलेली सही मी लांबून ओळखते. या वेळी ती रकान्यात सुरू झाली होती आणि उतरत उतरत खालच्या माणसाच्या नावावर गेली होती. टिंबं पार समासात.

डोळ्यांचं मला माहीत होतं. पडद्याची झीज झाली आहे, समोरचं पुसट होत जाईल, कडेकडेचं दिसत राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि ती घसरलेली सही बघणं वेगळं. यादी मिटून मी पुढच्या गावाची घेतली. त्या दिवशी डबा तसाच घरी परत आला.

कोरेगावच्या घरी माळ्यावर एक रुमाल आहे. जुनी कागदपत्रं कापडात बांधून ठेवायचे, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आमच्यातले कागद सगळे मोडीतले. अण्णा शाळेत मोडी शिकले आणि पुढे नोकरीत जमिनीच्या नोंदींतले जुने फेरफार वाचून वाचून त्यांची ती पक्की झाली. मी शाळेत असल्यापासून ते म्हणत, "हे तुला शिकवायचंय." मी म्हणायची, "सुट्टीत शिकू." लग्नानंतर म्हणायला लागले, "मुलं मोठी झाली की शिकू." आणि शेवटी, "निवृत्त झाल्यावर शिकू, अण्णा. तेव्हा वेळच वेळ." नियमाप्रमाणे मी मे २०२६ अखेर निवृत्त होणार होते. तेव्हा अण्णा एक्याण्णव वर्षांचे.

त्या आठवड्यात रात्री वही घेऊन बसले. लोकांच्या पेन्शनचे हिशेब मी पैशापर्यंत तपासले होते, स्वतःचा पहिल्यांदाच मांडत होते.

राज्य शासनाच्या निवृत्तीवेतन नियमांतल्या, म्हणजे १९८२ च्या, नियम ६६ प्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी, सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. माझी सेवा भरपूर होती. सप्टेंबर २०२३ अखेर सुटले तर जुलैची वेतनवाढ पदरात पडणार होती, पुढच्या दोन हुकणार होत्या. मूळ वेतन ६०,००० धरलं तर निवृत्तीवेतन त्याच्या निम्मं, ३०,०००. तीन-तीन टक्क्यांच्या दोन वाढी धरल्या असत्या तर ३१,८०० च्या आसपास. महिन्याला अठराशे रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, इतका तो कायमचा तोटा. शिवाय पावणेतीन वर्षांचा पगार आणि पेन्शन यांतला फरक, तो मोठा. तो आकडा मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला.

ह्यांनी वही वाचली आणि म्हणाले, "तीन वर्षं नाहीत पुरती. काढ की." त्यांचं चुकत नव्हतं. लेक पुण्यात शेवटच्या वर्षाला, तिच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर. आम्ही तीन-चार रात्री यावर बोललो. भांडलोही. मग एका सकाळी चहा गाळता गाळता ते म्हणाले, "अण्णा थांबणार आहेत का तीन वर्षं, ते कोण सांगणार? दे अर्ज."

पैशांचं काय केलं तेही सांगते, कारण मैत्रिणी नेहमी हेच विचारतात. निवृत्तीवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. त्याला आमच्या भाषेत अंशराशीकरण. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा मिळायला लागतो, आणि महागाई भत्ता विकण्याआधीच्या पूर्ण रकमेवरच मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मी कर्ज फिटण्यापुरताच भाग विकला. उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, आणि भविष्य निर्वाह निधीतून आलेले १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. ती साठीनंतरची म्हणून ओळखली जाते, पण पंचावन्न पूर्ण झालेल्या निवृत्तांनाही तिथे खातं काढता येतं, फक्त पैसे हातात आल्यावर दिलेल्या मुदतीत काढावं लागतं. तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं. दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. सोनं घेतलं नाही, प्लॉट घेतला नाही.

आणि एक कळकळीची गोष्ट. निवृत्ती कधीही घ्या, आपलं सेवापुस्तक आजच बघून या. कुणाच्या रजेची नोंद नसते, कुणाची वेतनपडताळणी राहिलेली असते, कुणाच्या बायकोचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. असे कागद घेऊन काउंटरपलीकडे उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. नवरा जाऊन महिना झालेला आणि नावातल्या एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करत फिरणारी बाई पाहिली की घास उतरत नाही. जोडीदाराचं नाव आणि संयुक्त खातं हे दोन्ही हातपाय धड असताना करायचं काम आहे.

निरोपसमारंभ झाला, नारळ मिळाला, साडी मिळाली. पहिला महिना पावणेदहाला घालमेल व्हायची. पोवई नाक्यापर्यंत उगाच जाऊन यायचे. नंतर ती गेली.

आता मंगळवार आणि शुक्रवार मी कोरेगावला जाते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, खिडकीजवळची जागा बघून बसायचं. माहुलीच्या पुलावर कृष्णा दिसते, पुढे जरंडेश्वराचा डोंगर. हाच रस्ता मी तीस वर्षं रविवारचा केला, पण संध्याकाळी परत फिरायचं डोक्यात घेऊनच. आता वहिनी म्हणते, "वन्सं, राहा आज," आणि मी राहते.

जेवणं झाली की ओसरीवर सतरंजी टाकते. अण्णा खांबाला टेकून बसतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं तिला खाली टांगत जायची. शब्दांत जागा नाही, विराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणारा बोरू शक्यतो उचलत नाही, एका अक्षराची शेपटी पुढच्यात शिरलेली असते. अण्णांना यातलं काही दिसत नाही. म्हणून मी सांगते, "अण्णा, वरून खाली आलंय, डावीकडं गाठ, मग उजवीकडं मोठा वळसा घेऊन वर गेलंय." ते बोट हवेत फिरवतात. कधी माझा हात धरून माझ्या तळव्यावर काढून बघतात. "पुढचं सांग. ... हां. मौजे आहे ते, मौजे." मी घाईनं पुढे गेले की म्हणतात, "घाई कशाला करतीस? ऑफिस गाठायचंय का आता?"

पहिले सहा महिने आम्ही नुसती बाराखडी केली. त्यानंतरच्या वर्षात दोन कागद पुरते लागले. एक शेतसाऱ्याची पावती. दुसरं शके १८०२ चं, म्हणजे इसवी सन १८८० चं, गहाणखत. आमच्या कुणा पूर्वजानं माळाकडचा तुकडा गहाण टाकला होता. रुपये-आणे वाचताना मी पटकन बेरीज करून सांगितली, तेव्हा अण्णा हसले. "हिशेब तुझ्या हाताला बरोबर लागतो."

त्या कागदाच्या तळाशी साक्षीदारांची नावं आहेत. लिहिता न येणाऱ्या कुणब्यानं नावापुढे नांगर काढायचा, ती त्याची निशाणी. आमच्या पूर्वजाचाही नांगर आहे, जेमतेम बोटभर, पण जू आणि फाळ वेगळे दिसतात इतका नेटका. मी तो अण्णांच्या तळव्यावर बोटानं काढला. त्यांनी मूठ मिटून घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

गेल्या मंगळवारी सर्वांत खालची ओळ घेतली. तिथे नांगर नाही, एक गोल आहे. "बांगडी असंल," अण्णा म्हणाले. "बायकांची निशाणी बांगडी." म्हणजे गहाणाला घरातल्या बाईचीही संमती घेतलेली. कुठल्या तरी पणजीची पणजी. तिचं नाव आम्हा कुणालाच माहीत नाही, वंशावळीत बायकांची नावं नाहीत. नावातलं पहिलं अक्षर 'सा' आहे, एवढं नक्की. पुढे कागदाची घडी पडून शाई उडाली आहे. मी म्हटलं सावित्री. अण्णा म्हणतात साळू, घडीत एवढंच नाव मावतं.

मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला, भिंगातून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. शुक्रवारी सकाळी ऊन ओसरीवर थेट येतं, तेव्हा पुन्हा बघणार आहे. अण्णांनी वहिनीला सांगून ठेवलंय, त्या दिवशी सतरंजी लवकर टाका.