वादी नत्रून ते लाल समुद्र : इजिप्तचे वाळवंटी मठ

सगळ्यात आधी तारखा बघा. इजिप्तमधले कॉप्टिक (म्हणजे तिथल्या प्राचीन ख्रिस्ती चर्चचे) मठ बघायचे तर विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांच्या उपासांचं वेळापत्रक बघावं लागतं. ईस्टरच्या आधीचे 55 दिवस मोठा उपास. तेव्हा बरेच मठ पाहुण्यांना बंद असतात. 25 नोव्हेंबर ते 6 जानेवारी नाताळचा उपास (त्यांचा नाताळ 7 जानेवारीला), तेव्हा एक मठ उघडा तर दुसरा बंद. आणि आपली मंडळी इजिप्तला जातात ती नेमकी डिसेंबरच्या सुट्टीत! त्यात ईस्टरही त्यांच्या पंचांगाने येतो, आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरशी जुळेलच असं नाही. आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो. ऊन सोसण्यासारखं होतं आणि दारं उघडी होती. फक्त अबू मकारच्या मठाला आधी परवानगी काढावी लागते, म्हणून तो यादीत धरलाच नव्हता.

बरोबर वसईचा मित्र होता. त्याच्या घरी किल्ली हरवली की आजी संत आंतोनला साकडं घालणार, त्यामुळे 'आपण आंतोनच्या मठात चाललोय' म्हटल्यावर गडी खूश. पण आजीचा आंतोन पदुआचा, तेराव्या शतकातला, मूळचा लिस्बनचा फर्नांदो. त्याने संन्यास घेताना ज्याचं नाव घेतलं, तो हा इजिप्तचा आंतोन, त्याच्याही नऊशे वर्षं आधीचा. ख्रिस्ती संन्यासाची परंपरा ज्याच्यापासून मोजतात तो हाच.

त्याची हकिकत थोडक्यात अशी. साधारण इ.स. 251चा जन्म, नाईलकाठचं खातंपितं शेतकरी घर. आईवडील गेले तेव्हा विशीच्या आतबाहेर. चर्चमध्ये 'तुझं असेल ते विकून गरिबांना दे' हे येशूचं वचन कानावर पडलं आणि याने ते शब्दशः घेतलं. जमीन वाटून टाकली, धाकट्या बहिणीला व्रतस्थ स्त्रियांकडे सोपवलं, स्वतः आधी गावाबाहेर, मग थडग्यांत, मग वीसेक वर्षं एका पडक्या गढीत राहिला. शेवटी लाल समुद्राजवळच्या डोंगरात गेला आणि 356 साली, वयाच्या 105व्या वर्षी वारला, असं त्याचा चरित्रकार सांगतो.

हा चरित्रकार महत्त्वाचा. तो म्हणजे अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस. आंतोन एकांतात बसला, पण त्याला जगभर पोचवलं ते या बिशपच्या लेखणीने. मिलानमध्ये 386 साली ऑगस्टिनच्या (पुढे ख्रिस्ती धर्माचा मोठा विचारवंत झाला तो) आयुष्याने वळण घेतलं, त्यामागेही हीच कथा ऐकणं होतं. वाळवंटात लोक चर्चच्या अधिकारापासून आणि शहरापासून लांब गेले, आणि बिशप त्यांच्या मागोमाग आले. मठ बघताना एवढं डोक्यात ठेवलं तर जुन्या भिंतींच्या पलीकडचं बरंच काही दिसतं.

आता वादी नत्रून. कैरोहून अलेक्झांड्रियाच्या वाळवंटी हायवेने शंभरेक किलोमीटर. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात आरामात परत. बसने फाट्यापर्यंत जाता येतं, पुढे मठांसाठी टॅक्सी ठरवावी लागते. आम्ही कैरोतूनच दिवसभराची गाडी केली आणि तेच सांगेन, कारण मठ एकमेकांपासून चालत जाण्याइतके जवळ नाहीत (बिशोई आणि सुरियानी तेवढे शेजारी आहेत). पासपोर्ट खिशात ठेवा, रस्त्यात पोलिसांची नाकी लागतात.

खोरं समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि तिथल्या तळ्यांतला क्षार म्हणजे नॅट्रॉन, ममी वाळवायला वापरायचे तो. मकारियस हा संन्यासी (अबू मकार तो हाच) इथे 330च्या सुमारास येऊन राहिला. जुनं नाव स्केटिस. सुरुवातीला मठ नव्हतेच. विखुरलेल्या झोपड्या, शनिवार-रविवारी एकत्र उपासना, बाकी आठवडाभर आपापल्या खोलीत खजुराच्या झावळ्यांच्या दोऱ्या आणि टोपल्या वळणं. त्याच पैशात भाकरी. आज दिसतात त्या उंच भिंती नंतरच्या. 407च्या सुमाराला टोळ्यांनी स्केटिस लुटलं, पुढेही लुटत राहिले, तेव्हा बुरूज आणि भिंती आल्या. प्रत्येक मठात एक 'कस्र' म्हणजे बालेकिल्ला आहे. त्याचं दार जमिनीवर नाही, वरच्या मजल्यावर, आणि तिथे जायला उचलता येणारा लाकडी पूल. आत विहीर, कोठार, प्रार्थनेची जागा. पूल वर ओढला की महिनोन्‌महिने आत बसायची सोय.

बरामूसचा मठ या खोऱ्यातला सगळ्यात जुना. इथे मोझेस नावाच्या काळ्या संन्याशाचे अवशेष आहेत. आधीचा दरोडेखोर, अंगापिंडाने दांडगा. एका बंधूचा न्याय करायला सगळे जमले आणि मोझेसला बोलावणं गेलं, तेव्हा तो पाठीवर गळकी टोपली घेऊन आला. 'माझी पापं मागे सांडत चालली आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय.' ही गोष्ट आम्हाला तिथल्या अबूनांनी सांगितली, तीही भिंतीवरच्या चित्रातल्या टोपलीवर बोट ठेवून. (संन्याशाला सगळे 'अबूना' म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा.)

वेळ कमी असेल तर बाकी सोडा, पण सुरियानी मठ सोडू नका. सिरियन व्यापाऱ्यांनी विकत घेतलेला, म्हणून हे नाव. मरियमेच्या चर्चमधलं गाभाऱ्याचं दार दहाव्या शतकातलं आहे : काळं लाकूड, त्यात हस्तिदंत बसवलेलं, आडव्या सात ओळी. मधल्या ओळींमध्ये क्रॉसचे नुसते आकार, एकात एक गुंफलेले. परंपरेने या सात ओळी म्हणजे चर्चच्या इतिहासाचे सात काळ मानतात. पण मी जास्त वेळ थांबलो तो सगळ्यात वरच्या ओळीपाशी. मधोमध ख्रिस्त आणि मरिया, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना मार्क, दियोस्कोरस, इग्नेशियस, सेव्हेरस. म्हणजे दोन अलेक्झांड्रियाचे आणि दोन अंत्युखियाचे धर्मप्रमुख. कॉप्टिक आणि सिरियन, दोन्ही चर्चची वंशावळ एका दारावर, तीही मठाच्या गाभाऱ्यात. फ्लॅश मारू नका, आणि विचारल्याशिवाय फोन बाहेर काढू नका.

याच मठाचा मठाधिपती, निसिबिसचा मोझेस, दहाव्या शतकात बगदादहून परतताना 250 हस्तलिखितं घेऊन आला होता. कोरड्या हवेत ती टिकली. त्यातली बरीचशी आज लंडन आणि व्हॅटिकनमध्ये आहेत, इ.स. 411 मधलं, तारीख नोंदलेलं सर्वांत जुनं सिरियक भाषेतलं हस्तलिखित इथूनच लंडनला गेलं. 1837 साली आलेल्या रॉबर्ट कर्झन या इंग्रजाने तर आंधळ्या मठाधिपतीला गोड मद्य पाजून पुस्तकांची खोली कशी उघडून घेतली, हे स्वतःच मजेत लिहून ठेवलंय. वाचताना हसू येतं, तिथे उभं राहिल्यावर येत नाही.

इथेच एका वयस्क अबूनांनी 'हिंदी?' असं विचारलं. अरबीत हिंदी म्हणजे भारतीय. पुढचा प्रश्न लगेच : 'मलंकारा?' केरळचं मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च आणि कॉप्टिक चर्च एकाच कुटुंबातली, त्यामुळे त्यांच्या लेखी भारतातून येणारा ख्रिस्ती केरळचाच. वसई कुठे आहे हे मित्राने हातवारे करून समजावलं. मग चहा आला, पाव आला, फूल (म्हणजे शिजवलेला बाकला) आला. नाही म्हणू नका. पैसे कुणी मागत नाही, दानपेटी असते, तिच्यात टाका.

शेजारच्या बिशोई मठात अलीकडचा इतिहास आहे. राष्ट्राध्यक्ष सादातने 1981 साली कॉप्टिक पोप शेनूदा तिसरे यांना याच मठात डांबलं आणि ते 1985 पर्यंत इथेच होते. 2012 मध्ये त्यांना पुरलंही इथेच. आताचे पोप तावाद्रोस दुसरे यांनीही संन्यास घेतला तो याच मठात. पोप निवडताना तीन नावांच्या चिठ्ठ्यांतून डोळे बांधलेल्या मुलाने त्यांची चिठ्ठी उचलली. पोप संन्याशांतूनच येतो आणि सरकारशी बिनसलं की मठातच परत जातो! 'संन्याशाने बिशपपासून आणि बाईपासून पळावं' असं जुने वाळवंटी म्हातारे बजावायचे, हे जॉन कॅसियन या जुन्या संन्यासी लेखकाने नोंदवलंय, आणि आपल्याला दोन्ही जमलं नाही अशी कबुलीही दिलीय. अथनेशियसने द्राकोन्तियस नावाच्या मठाधिपतीला बिशप केलं तेव्हा तो पळूनच गेला होता. त्याला परत बोलावणारं पत्र आजही उपलब्ध आहे. स्वतः अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी झाली आणि 356 ते 362 मध्ये त्याला लपवलं ते याच संन्याशांनी. देणंघेणं दोन्हीकडून होतं. बिघडलं की वाईट बिघडायचं : 400च्या आसपास बिशप थिओफिलसने मतभेदावरून नित्रियाच्या (स्केटिससारखीच संन्याशांची वस्ती) संन्याशांवर माणसं घातली आणि खोल्या जाळल्या. याच थिओफिलसला पाम्बो नावाच्या म्हाताऱ्या संन्याशाने काहीतरी उपदेश करावा म्हणून बंधू मागे लागले, अशी कथा आहे, तर म्हातारा म्हणाला, 'माझ्या गप्प राहण्यातून त्याला काही मिळत नसेल, तर बोलण्यातूनही मिळणार नाही.'

लाल समुद्राकडचे दोन मठ, आंतोनचा आणि पौलाचा, यांना वेगळा दिवस द्या. वादी नत्रूनबरोबर एकाच दिवसात कोंबून देणारे एजंट भेटतील, त्यांचं ऐकू नका. कैरो, ऐन सोखना, झाफराना असा रस्ता. झाफरानाहून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर आत आंतोनचा मठ. आदल्या रात्री ऐन सोखनाला मुक्काम केलात तर सकाळच्या गारव्यात गुहा गाठता येते. मठाच्या मागून हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. मित्र म्हणाला, 'अरे, विरारची जीवदानी म्हणजे ही, फक्त झाडं आणि लिंबूपाणीवाले वजा!' पाण्याच्या दोन बाटल्या माणशी, टोपी, आणि आठच्या आत सुरुवात. गुहेत शिरताना भेग इतकी अरुंद की अंग आडवं करून सरकावं लागतं. बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर बाहेरच्या कट्ट्यावर थांबा, तिथून समुद्राकडचं वाळवंट दिसतं. पाठपिशवी आत नेऊ नका.

खाली जुन्या चर्चमधली भित्तिचित्रं थिओडोर नावाच्या चित्रकाराने 1232-33 साली काढली. शतकानुशतकांची काजळी 1990च्या दशकात काढली गेली. घोड्यावरचे संत बघा, आणि त्यांच्या घोड्यांच्या पायांखाली काय चाललंय तेही बघा. दुसऱ्या एका चर्चच्या फरशीला काच लावली आहे, तिच्याखाली सुरुवातीच्या संन्याशांच्या खोल्यांचे पाये. आंतोनने मरताना वाटण्या केल्या त्या अशा : एक मेंढीचं कातडं आणि अंगाखालचं जुनं वस्त्र अथनेशियसला, एक बिशप सेरापियनला, केसांचं वस्त्र शिष्यांना. इस्टेट संपली.

पौलाचा मठ झाफरानाच्या दक्षिणेला. हा पौल (प्रेषित पौल नव्हे) आंतोनच्याही आधीचा एकांतवासी. कावळा त्याला रोज अर्धी भाकरी आणायचा, आंतोन भेटायला आला त्या दिवशी अख्खी आणली, अशी कथा जेरोम या जुन्या ख्रिस्ती लेखकाने लिहिलीय. मठ लहान आणि गर्दी कमी. दोन्हींपैकी एकच जमत असेल तर आंतोनचा घ्या.

कपडे : पुरुषांनी पूर्ण पँट, बायकांनी खांदे आणि गुडघे झाकलेले, समुद्रकिनाऱ्यावरून थेट येणारे हाफ पँटवाले दारातून परत जाताना पाहिले. चर्चमध्ये बूट काढून, म्हणून मोजे बरे असू द्या. मुक्काम करायचा तर चर्चची आगाऊ परवानगी लागते आणि ती मुख्यतः पुरुषांनाच. रविवार आणि सणाला स्थानिक कुटुंबं बसगाड्या भरभरून येतात. शांतता हवी असेल तर मधला वार पकडा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते वकिलातीकडूनच तपासा.

कैरोतलं कॉप्टिक संग्रहालय मठ बघून झाल्यावर करा, आधी नको. मार गिर्गिस मेट्रो स्टेशनसमोरच आहे. 1945 साली इजिप्तमधल्याच नाग हम्मादी गावाजवळ सापडलेल्या, चर्चला मान्य नसलेल्या प्राचीन पुस्तकांची पानं तिथे आहेत. 367च्या ईस्टर पत्रात अथनेशियसने मान्य ग्रंथांची यादी दिली आणि इतर पुस्तकं त्याज्य ठरवली; त्यानंतर जवळच्या पाखोमियसच्या (एकत्र राहणाऱ्या संन्याशांचे मठ काढणारा तो) मठातल्या कुणीतरी ही पुस्तकं मडक्यात घालून पुरली असावीत, असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. त्या दालनात गाइडला घाई करू देऊ नका.