गुडघा, 180 आणि दादरा

शनिवार, रात्रीचे साडेदहा

आज एकदाचा युनिव्हर्सिटीच्या त्या लॅबमध्ये जाऊन आलो. चाळिशीपुढचे रनर हवे होते त्यांना स्टडीसाठी, आणि बायको म्हणाली जा की, तसंही रोज गुडघ्याच्या नावाने कुरकुरतोस. बाहेर उणे 12, शिकागोची जानेवारी, आणि आत मी हाफ पँटमध्ये उभा. एक पीएचडीवाला पोरगा माझ्या कंबरेवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर बोराएवढे चकचकीत गोळे चिकटवत होता. आत्ताच संक्रांत झालीय, म्हटलं चव्वेचाळीसाव्या वर्षी बोरन्हाण! पण हा जोक तिथे कुणाला सांगणार.

मग ट्रेडमिल. त्याच्या पट्ट्याखाली जोर मोजायच्या प्लेट्स, भोवती कॅमेरे. घामाने दोनदा घोट्याचा गोळा पडला, दोनदा थांबवलं. नंतर स्क्रीनवर मीच, म्हणजे नुसते ठिपके, पण चाल बघून बायकोने लगेच ओळखलं असतं. माझं वजन 74 किलो आणि प्रत्येक पावलाला जमिनीवर जोर पडतो साधारण अडीचपट, म्हणजे 185 किलो. डावा गुडघा बिचारा उगाच बोंबलत नाहीये.

प्रोफेसर साठीचे असतील. आधी ग्राफ वगैरे काही नाही, विचारलं दुखतं कधी, पहिल्या मैलात की नंतर. मी म्हटलं उतारावर, आणि जिना उतरताना. मग मी माझं ज्ञान पाजळलं, की पळताना माझं पाऊल आधी टाचेवर पडतं ते बदलायचंय आणि कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, 180 करायचाय. ते हसले. टाच राहू द्या म्हणाले, लांब पळणारे बहुतेक जण टाचेवरच पडतात. आणि 180 कुठून आलं माहितीये का? 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या कोचने पळणाऱ्यांची पावलं मोजली, जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला 180 किंवा जास्त भरली. पण ते ऑलिंपिकवाले, रेसच्या स्पीडला! मी किलोमीटरला सात मिनिटं घेणारा माणूस, गेलं वर्षभर त्या आकड्यामागे धापा टाकतोय आणि जमत नाही म्हणून स्वतःलाच शिव्या घालतोय.

माझी भरली 156. ते म्हणाले स्पीड तोच ठेवा, फक्त पावलं 5 टक्के वाढवा, म्हणजे 164. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्येच यावर काम झालंय, 2011 चा पेपर, 5-10 टक्क्यांनीही गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार उतरतो. पाऊल आखूड पडलं की पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही, उसळी कमी, गुडघाही कमी वाकतो. बस एवढंच. मी शूज कुठले घेऊ विचारायला विसरलो, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं, कपाटात चार जोड पडलेत.

रविवार, दुपार

बेसमेंटमधल्या ट्रेडमिलवर ट्राय केलं. मेट्रोनोमच्या टिकटिकने पाच मिनिटांत डोकं उठलं, मग लेकीचं तबल्याचं ॲप काढलं, केरवा ताल लावला, 164 वर, मात्रेला एक पाऊल. मजा यायला लागली पण लंगडल्यासारखं वाटायला लागलं, आणि तेही डाव्याच बाजूला. कळेचना. शेवटी लेकीने वरून पायऱ्यांवर बसून बोटं मोजली, म्हणाली बाबा आठ मात्रा आहेत ना, एक पण डाव्यावर येतेय आणि पाचवी पण डाव्यावरच, तू दोन्हीला जोर देतोयस. दादरा लाव.

दादऱ्यात सहा. सम, म्हणजे पहिली मात्रा, डाव्यावर आणि खाली, म्हणजे चौथी, उजव्यावर. 25 मिनिटं पळालो, जिना उतरायची परीक्षा अजून बाकीच, कारण बेसमेंटमधून वरच यायचं असतं.