ॲल्युमिनियमची १२ फुटी होडी, नोंद ४: रिव्हेट, आणि ग्रुमनची गोष्ट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. पावसात पत्र्याचं काम बाहेर होत नाही, मग शेड घातली आणि आता तळ आणि दोन्ही बाजू जुळल्या. पत्रा ५०५२ (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक प्रकार), जाडी १.६ मिमी. गेल्या नोंदीत बऱ्याच जणांनी विचारलं होतं की वेल्डिंग का नाही करत, रिव्हेटच्या (दोन पत्रे जोडायला भोकातून घालून ठोकायच्या धातूच्या खिळीच्या) भानगडीत कशाला पडतोस. उत्तर देताना जरा इतिहासात जावं लागेल, कारण मी रिव्हेटच्या प्रेमात पडलो तो ग्रुमनमुळे.

ग्रुमन म्हणजे विमानवाली कंपनी, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेजला कारखाना, दुसऱ्या महायुद्धात हेलकॅट लढाऊ विमानं त्यांनीच बनवली, १२ हजारांवर. तिथले एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ साली न्यूयॉर्क राज्यातल्याच ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात मासेमारीला गेले आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यापर्यंत कॅनव्हास लावलेली लाकडी कनू (वल्ह्याने चालवायची निमुळती होडी) खांद्यावरून वाहून नेता नेता दमले. मग डोक्यात आलं की आपण विमानाचं अंग ज्या पत्र्याने बनवतो त्याचीच कनू का नको? लढाई संपत आली होती, विमानांच्या ऑर्डरी आटणार होत्या, कारागीर आणि मशिनं हाताशी होती. पत्रा साच्यावर ताणून अर्ध्या अर्ध्या कनूचा आकार द्यायचा आणि मधल्या कण्यावर दोन्ही अर्धे रिव्हेट मारून जोडायचे, विमानाचीच पद्धत. १९५२ ला हे काम न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरेथॉन नावाच्या छोट्या गावात गेलं, आणि कनूबरोबर इंजिन लावून मासे मारायच्या छोट्या होड्याही ते बनवत. १९९० मध्ये धंदा आऊटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन या होड्यांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीला विकला गेला. अमेरिकेतल्याच मिनेसोटात होड्या बनवणाऱ्या दुसऱ्या कंपन्याही आहेत, ॲल्युमाक्राफ्ट १९४६ ची, लुंड १९४८ ची, तिकडे तळीच इतकी आहेत की होडी हवीच. पण मला आवडते ती ग्रुमनचीच गोष्ट, कारण तिथे होडीच्या अंगावर विमान बनवणाऱ्यांचा हात स्पष्ट दिसतो.

तर माझा मुद्दा असा की पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतो, शिवाय शिवणीजवळ मऊ पडतो, रिव्हेटला यातलं काहीच होत नाही. पण दोन माणसं लागतात. मी बाहेरून रिव्हेट ठोकायची गन धरतो, पुतण्या आत बसून लोखंडाचा ठोकळा टेकवतो. रिव्हेटचा दांडा पत्र्याबाहेर साधारण त्याच्या व्यासाच्या दीडपट निघायला हवा, म्हणजे ४ मिमीचा असेल तर ६ मिमी, मग ठोकल्यावर गोल चपटं डोकं येतं. कमी निघाला तर डोकं धरत नाही, जास्त निघाला तर दांडा तिरका वळतो. रिव्हेट नीट बसला की आवाजावरून कानाला कळतं, आधी टणटण आणि मग बंद, मऊ. शेजारचे आबा, आयुष्य रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) गेलेले, दोन दिवस बघत बसले आणि म्हणाले, "हें व्हडें काय विमान रे?" (ही होडी की विमान रे?) मी त्यांना हॉफमनची गोष्ट सांगितली तेव्हा खूप खूश झाले.

आता चूक सांगतो, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. मागच्या पाटीच्या, जिथे इंजिन बसतं तिथल्या, पत्र्याच्या एका तुकड्यात मी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थेट लावले होते, नायलॉनचं वॉशर नाही, सीलंट नाही. चाचणी म्हणून तो तुकडा कुंभारजुव्याच्या खाडीत दोरीला बांधून तीन महिने ठेवला. इथलं पाणी खारट, भरतीला आणखीनच. काढला तेव्हा प्रत्येक बोल्टभोवती पांढरी भुकटी, ती खरवडली तर खाली बारीक खड्डे. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की खाऱ्या पाण्यात बॅटरीसारखं चालतं आणि झिजतो तो ॲल्युमिनियम. आता प्रत्येक बोल्टला नायलॉनची बाही, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, आणि मागे जस्ताचा ठोकळा, जो पत्र्याऐवजी झिजतो. तांब्याचा रंग तर अजिबात नको, शेवाळ लागू नये म्हणून मारतात तो, त्याने पत्रा खूपच लवकर जातो.

परवा पाणीचाचणी केली. होडी स्टँडवर ठेवून आत चार बोटं पाणी भरलं आणि रात्रभर सोडलं. सकाळी खाली टॉर्च घेऊन झोपलो, एक एक रिव्हेट बोटाने पुसून बघितला. आठ ठिकाणी थेंब धरलेला, आठही पुढच्या वळणाजवळ, जिथे दोन पत्रे पूर्ण चिकटले नव्हते. मार्करने गोल केलेत. आता ते ड्रिलने काढून एक साइज मोठे घालणार, पत्रे आधी क्लॅम्पने आवळून.